मोठ्यानं वाचायला लावतात का?

आठवीचा निकाल घेऊन ते तिघं आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एप्रिल संपत आलेला, पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. वडील सामरवरणीच्या बाजूला एका यार्नच्या कारखान्यात. बारा तासांची रात्रपाळी संपवून, न झोपताच आलेले. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. मुलगा चौदा वर्षांचा, उंचीनं वडिलांना गाठलेला, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेला. वडिलांनी प्लॅस्टिकची फाईल माझ्यापुढे सरकवली. जन्मदाखला, आधार, डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, सगळं क्रमानं लावलेलं, आणि सर्वांत वर गुणपत्रिका. गुणपत्रिकेवर 'प्रमोटेड' असा शेरा होता. तोंडी मिळालेला शेरा वडिलांनीच ऐकवला. "नववीसाठी दुसरीकडे बघा म्हणाले, मॅडम. तुम्हीच सांगा, चांगली शाळा कोणती?"

सोळा वर्षं मी सिल्वासात विशेष शिक्षिका आहे. आठवडाभर शाळाशाळांतून फिरायचं, जिथे जी मुलं असतील तिथे त्यांच्याबरोबर बसायचं, असं माझं काम. खानदेशातून आलेले पालक मला मॅडम म्हणतात, गुजराती पालक बेन, खानवेलकडचे वारली-कोकणा पालक बाई, आणि इंग्रजी शाळेतली मुलं टीचर. हाक कुठलीही असो, उन्हाळ्यात प्रश्न हाच असतो.

तो आठवीनंतरच का येतो, त्यालाही कारण आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. तोवर मूल सहसा कसंबसं वरच्या वर्गात सरकत राहतं. नववीत बोर्डाकडे नोंदणी सुरू होते, शाळेला दहावीच्या निकालाची टक्केवारी दिसायला लागते, आणि आठ वर्षं जे मूल 'जरा मागे' होतं ते एका उन्हाळ्यात 'आमच्याकडे जमणार नाही' होतं. मी वडिलांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समजावून सांगितला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, आणि अध्ययन अक्षमता त्यात आली आहे. सरकारमान्य शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं त्याचं सोळावं कलम सांगतं. एकतिसावं कलम त्याच्याही पुढे जातं. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क.

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कायद्यानं ठेवतील, मॅडम. पण ठेवतील कसं?"

याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं.

शाळांचं नंतर बघू, आधी मुलाकडे बघू, असं मी ठरवलं. सिल्वासातलं मूल तपासताना पहिला पेच भाषेचा असतो. या मुलाच्या घरात अहिराणी, चाळीत गुजराती, मित्रांत हिंदी, शाळेत इंग्रजी. प्रमाण मराठी टीव्हीवर आणि मामाच्या लग्नपत्रिकेत. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी सहसा निम्हान्स संस्थेची चाचणी वापरतात. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा करायला सांगितली होती. पण पाच भाषांच्या मधोमध वाढलेलं मूल अडखळतं तेव्हा वाचन अडतंय की नुसती ती भाषा, हे आधी सोडवावं लागतं. तपासणाऱ्याची इथे गल्लत झाली, तर धडधाकट मुलाला शिक्का बसतो, नाहीतर खरी अडचण असलेल्याला 'आळशी' ठरवून सोडून दिलं जातं.

मी तीन लिप्यांतले तीन कागद त्याच्यापुढे ठेवले. इंग्रजीत तो पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजानं भरत होता. मग गुजराती. गुजरातीला डोक्यावरची रेघ नसते. तिथला 'प' आणि पाचाचा आकडा जवळजवळ सारखे दिसतात, 'र' आणि दोनाचा आकडाही तसेच. कागदावर 'पर' असा शब्द होता. त्यानं तो 'बावन' असा वाचला. मी हसले, मग तोही हसला. ही चूक घाईत कुणाचीही होईल. पण मराठी उताऱ्यावर आला तेव्हा जोडाक्षर आलं की थांबणं, लांब शब्दाचा मधला भाग गाळणं, ओळ संपली की पुन्हा त्याच ओळीवर येणं, सगळं तिथेही तसंच. एकाच भाषेत ठेच लागत असेल तर भाषा कच्ची म्हणता येतं. सगळीकडे त्याच दगडाला ठेच लागते तेव्हा गोष्ट वेगळी असते.

नंतर पुस्तक मी हातात घेतलं आणि उष्णतेच्या वहनाचा धडा त्याला निम्म्या मराठीत, निम्म्या हिंदीत वाचून दाखवला. त्यानं प्रश्नांची उत्तरं दिलीच, वर वडिलांच्या खात्यातलं यंत्र समजावलं: धागा आधी हीटरवरून जातो, मग थंड पट्टीवरून, पट्टी नीट थंड नसेल तर पीळ टिकत नाही. वडील त्याच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं.

"म्हणजे त्या 'तारे जमीन पर'सारखं?" आईनं विचारलं. या सिनेमाचे आमच्या धंद्यावर फार उपकार आहेत. २००७ नंतर पालकांना निदान शब्द तरी मिळाला. फक्त त्यातल्या मुलासारखी चित्रकला आपल्या मुलातही निघेल, अशी आशा लागते. याची चित्रकला यथातथाच होती.

मग आम्ही तिघं मोठी माणसं कागद घेऊन बसलो. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला रकाने: फी, अंतर, बस, माध्यम, बोर्ड, विशेष शिक्षक आहे का, लेखनिक देतात का. तासभर बोललो. शेवटी केवळ रीत म्हणून मी मुलाला म्हटलं, "तुला काही विचारायचंय का?"

त्यानं आईकडे बघितलं, मग टेबलाकडे. "तिथे मोठ्यानं वाचायला लावतात का?"

खोदून विचारलं तेव्हा हळूहळू उलगडलं. त्याचा हजेरी क्रमांक सत्तावीस. वर्गात धडा वाचायचा तो क्रमानं, एकेकानं एक परिच्छेद. तास सुरू झाला की हा परिच्छेद मोजायला लागतो. सत्ताविसावा सापडला की शेजाऱ्याला दबक्या आवाजात दोनदा वाचायला सांगतो आणि पाठ करतो. मध्येच कुणी गैरहजर निघाला की मोजणी चुकते आणि पाठांतर वाया जातं. या सगळ्यात शिक्षक काय शिकवून गेले, ते त्याच्या कानावर कधी पडतच नाही. आठ वर्षं या मुलानं वर्गात बसून हेच काम केलं होतं, बिनचूक, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मिळाला होता, 'लक्ष नसते'.

आमच्या कागदावर इतके रकाने होते, आणि याला रकाना नव्हता.

ही चूक माझ्या हातून पहिल्यांदा होत नव्हती. काही वर्षांपूर्वी सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा माझ्याकडे होता. वॉकर घेऊन चालायचा, गणितात हुशार. त्याच्यासाठी शाळा मी स्वतः बघून आले होते. फॉर्मवर लिहिलं होतं, 'रॅम्प: आहे. स्वच्छतागृह: आहे.' दोन्ही खरं होतं. रॅम्प व्हरांड्यापर्यंत होता. स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, दोन पायऱ्या उतरून. प्रवेश झाला तेव्हा मी मुख्याध्यापकांना पेढे दिले. सप्टेंबरमध्ये मुलाला ताप यायला लागला, लघवीच्या जागी जळजळ. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितोस? तेव्हा कळलं, शाळा असेल त्या दिवशी तो सकाळपासून पाणीच पीत नव्हता. प्यायलं की जावं लागेल, जायचं तर कुणाला तरी सांगावं लागेल, आणि चौदा वर्षांचा मुलगा ते वर्गासमोर सांगणार नव्हता. रोज भरलेली बाटली भरलेलीच घरी येत होती. आईला वाटायचं, शाळेत थंड पाणी मिळत असेल.

त्याला मी एकदा जरी विचारलं असतं, 'तुला कशाची काळजी वाटते?' तर त्यानं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. पण मी विचारलंच नव्हतं. पुढे त्यानं दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दिली. तिथे पाच विषय, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी, आणि एकेक विषय सुटा देता येतो. त्याला ते सोयीचं पडलं. पण वर्ग सुटला, डबा खायला सोबत बसणारी मुलं सुटली. मुक्त विद्यालय हा चांगला रस्ता आहे. शाळेनं तो पालकांना दाराबाहेर काढताना दाखवू नये, एवढंच.

त्यानंतर खानवेलच्या पलीकडच्या पाड्यातली एक कोकणा मुलगी आली. कानामागचं मशीन लावणारी, मराठी माध्यमातून आठवी झालेली. त्या वेळी मी विचारायला शिकले होते. तिचा प्रश्न होता, "पावसात मशीन भिजलं तर कुणाला सांगायचं?" इकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मशीनच्या नळीत दमट हवेचे थेंब साचतात, आवाज खरखरतो, मग बंद. मशीन बंद पडलं की ती दिवसभर ओठांकडे बघत बसायची, आणि सर फळ्याकडे वळले की तेही संपायचं. 'ऐकू येत नाही' हे सांगायचं तर आवाज काढावा लागतो, आणि तिच्या आवाजाला मुलं हसायची.

मी मनापासून एकत्र शिक्षणाची बाजू घेणारी. मुलं सगळ्यांबरोबर, आपल्या गावात शिकावीत, हेच शिकले आणि शिकवत आले. तरी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी गुजरातेतली कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा बघायला गेले. ऑफिसच्या खिडकीत एक मोठी काचेची बरणी होती, सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांनी भरलेली, आणि त्या दाण्यांवर डब्यांतून पंधरा-वीस मशीनं सुकत पडलेली. दाणे ओलावा शोषून गुलाबी झाले की तापवून घ्यायचे, की पुन्हा निळे. ती बरणीजवळ उभी राहिली. बाहेर मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोन मुली हातांनी बोलत होत्या, मध्ये सगळं मैदान मोकळं. "बाई, एवढ्या लांबून?" तिनं मला विचारलं. ऐकू येणाऱ्या माणसांना एवढ्या अंतरावरून ओरडावं लागलं असतं.

ती तिथे राहिली. वडिलांना जड गेलं. शेतीच्या दिवसांत तिचा हातभार होता, आणि पोर परक्या भाषेच्या मुलखात. मलाही माझ्या मतांसकट परतावं लागलं. इथून जवळच डहाणूकडे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मूल शाळेत का येत नाही, याआधी मूल आहे कुठे, हे त्यांनी बघितलं. प्रशिक्षणात हे मी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ असाही होतो, की मूल जिथे मोकळं बोलतं तिथे शाळा असावी, मग ती माझ्या तत्त्वात बसो न बसो, हे त्या मैदानावर कळलं.

तर आता सत्तावीस नंबरच्या या मुलाचा प्रश्न. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शाळा बघायला निघालो. मी, आई आणि तो. वडिलांना सुट्टी नव्हती. रकान्यांचा कागद पर्समध्येच ठेवला. प्रत्येक शाळेत आधी एवढंच विचारायचं ठरवलं.

पहिल्या शाळेत संसाधन कक्ष होता, दारावर रंगीत पाटी होती आणि दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे त्या बाई रजेवर. मोठ्यानं वाचायला लावता का? "रोज! सगळ्यांना. त्याशिवाय आत्मविश्वास कसा येणार?" मुलानं माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या शाळेतल्या बाई फार प्रेमळ. "अशा मुलांना आम्ही काहीच त्रास देत नाही हो. मागच्या बाकावर बसवतो, वाचायला नाही, फळ्यावर नाही. आनंदात असतात." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बरं वाटलं की ओ हे." मला नाही वाटलं. पहिल्या शाळेत त्याला रोज उभं करणार होते, इथे रोज वगळणार होते. पण आईला हे कसं सांगावं, ते मला सुचत नव्हतं. ते मुलानंच सांगितलं, रिक्षात बसल्यावर. "मागं बसून मी काय करू?"

तिसरी सरकारी शाळा, मराठी माध्यमाची. इमारत जुनी, वर्गात पन्नासावर मुलं, प्रयोगशाळेत एक मोडकी कपाटवजा वस्तू. सामाजिक शास्त्राचे एक सर निवृत्तीला आलेले. प्रश्न मी विचारला, पण त्यांनी उत्तर मुलाकडे बघून दिलं. "वाचतो मी. तुम्ही पुस्तकात बोट फिरवायचं, मी कुठे आहे ते चुकू द्यायचं नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं आदल्या दिवशी सांगायचं. कुठला उतारा ते मी दाखवून ठेवतो, घरी बघून यायचं."

"आणि नाही सांगितलं तर?" मुलानं विचारलं. सबंध फेरीत तो पहिल्यांदाच कुणाशी आपणहून बोलला.

"तर नाही."

एवढंच. सरांनी कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. डिस्लेक्सिया हा शब्द ते 'डिलेक्सिया' असा उच्चारत होते. त्यांनी बहुधा कधीतरी कुणाला तरी उभं करून बघितलं होतं आणि मग पुन्हा केलं नव्हतं.

निर्णय सोपा झाला, असं मात्र नाही. वडील दोन दिवस बोलले नाहीत. पोराला इंग्रजीत घालायचं म्हणून त्यांनी आठ वर्षं ओव्हरटाइम केला होता. शिरपूरकडे भाऊबंदांत सांगून झालं होतं. आता सरकारी, तीही मराठी. आईनं तर थेट वर्मावर बोट ठेवलं, "त्याले मराठी तरी कोठे येस?" खरं होतं. पाठ्यपुस्तकातली मराठी तिच्या घरातली नव्हती. मी खोटं आश्वासन दिलं नाही. एवढं सांगितलं, की त्याला वाचून दाखवलं तर कळतं, आणि मराठी ऐकून त्याला इंग्रजीपेक्षा लवकर कळेल. पुस्तकं फोनवर आवाजात भरून देऊ. परीक्षेत लेखनिक, वाचून दाखवणारा माणूस, दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं मागता येतं. पण मागावं लागतं, आणि नववीतच, नोंदणी होण्याआधी. दहावीच्या जानेवारीत फाईल घेऊन धावणारे पालक दरवर्षी माझ्याकडे येतात, तेव्हा बरीच दारं लागलेली असतात. आणि हेही सांगितलं, की शाळेची निवड एकदाच करायची नसते. दिवाळीत पुन्हा बसू, नाही जमलं तर मुक्त विद्यालय आहेच.

मी त्या शाळेत आठवड्यातून एकदा जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विशेष गरजांच्या मुलांमागे शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. माझ्या वहीत नावं किती, ते मी मोजत नाही. मोजलं की काम होत नाही. पण त्या वहीच्या प्रत्येक पानावर नाव-इयत्तेच्या खाली आता एक ओळ मी हातानं आखलेली असते: 'मुलाचा प्रश्न'. कधी ती महिनाभर कोरी राहते. बोलता न येणाऱ्या मुलांची ओळ त्यांच्या बाटलीवरून, डब्यावरून, शाळेच्या दिवशी दुखणाऱ्या पोटावरून भरावी लागते.

पहिल्या घटक चाचणीत तो दोन विषयांत नापास झाला. वडिलांचा फोन आला, त्यांनी आकडे सांगितले, मी ऐकून घेतले. ऑक्टोबरमध्ये सामाजिक शास्त्राचे सर आठ दिवस रजेवर होते आणि बदलीला एक तरुण शिक्षक आले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी हजेरी क्रमांकानं वाचायला लावलं. मुलगा उभा राहिला, पुस्तकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मला आज नाही वाचायचं." मागून काही जण हसले. तो खाली बसला. त्यानं परिच्छेद मोजला नव्हता, पाठही केला नव्हता. त्याचा नंबर कधी येईल हेच या शाळेत तो विसरून गेला होता.

हे मला त्यानं सांगितलं नाही, आईनं सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता काय, हाच विचार. जुन्या शाळेत असं काही झालं की पुढचे चार दिवस तो अंथरुणातून उठायचा नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. आज सकाळी डबा मागा त्यानं," ती म्हणाली. "गया शाळामा."